पडद्यामागचा पासंग

घरातल्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर कधी नुसता राखाडी रंग भरून बघितलाय? क्रिकेट नाही, कार्टून नाही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निव्वळ राखाडी. त्यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण पडदा तपासणारी माणसं आवर्जून हाच रंग लावतात. पांढऱ्यात आणि काळ्यात पडद्याच्या खोड्या खपून जातात, राखाडीत त्या उघड्या पडतात. त्यातली सगळ्यात चिवट खोडी म्हणजे फिकट उभ्या रेघा.

तुमच्या टीव्हीवर त्या बहुतेक दिसणार नाहीत. दिसू नयेत म्हणून आत जो खटाटोप चाललेला असतो, तो मला फार आवडतो. तो समजून घ्यायला आपल्याला एका तागडीची मदत लागणार आहे. भाजीवाल्याची जुनी, दोन पारड्यांची तागडी असते ना, तीच.

आधी बेलपाड्याला जाऊ. नवी मुंबईच्या मेट्रोत बेलापूरला बसलात की आधी आरबीआय कॉलनी येतं, मग बेलपाडा, मग उत्सव चौक. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली; पेंधरपर्यंत ११ स्टेशनं, अंतर साधारण ११ किलोमीटर. बेलपाडा हे पनवेल तालुक्यातलं जुनं गाव. आता खारघरच्या सेक्टरांनी त्याला चहूबाजूंनी घेरलंय, पण गल्ल्या अजून गावाच्याच आहेत. माझी भाची तिथे राहते. सहावीत आहे आणि प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्तीचं एक लहानसं दुकान आहे. तिथल्या दादांनी एक फुटकं पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ‘‘मामा, हे आतून बघू या का?’’ भाचीने विचारलं. दादा म्हणाले, ‘‘बघा की, भंगारातच जायचंय. फक्त काचेला हात लावू नका.’’

पॅनलच्या काठाला पिवळसर तपकिरी रंगाच्या पातळ, लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक काळी, चकचकीत चिप. लांबी दीड-दोन सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम मिलिमीटरभर. भिंग धरलं तेव्हा चिपपासून काचेकडे निघालेल्या तारा दिसल्या. इतक्या बारीक आणि इतक्या दाट, की भाची मोजायला बसली आणि तिसाच्या आसपास तिने नाद सोडला. बरं झालं सोडला. अशा एका चिपमधून कित्येक शे तारा निघतात. काहींतून ९६० निघतात.

एवढ्या तारा कशाला? हिशेब सोपा आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. म्हणजे झाले ५,७६० उभे रकाने. प्रत्येक रकान्याला स्वतःची तार. ९६० तारांच्या सहा चिपा लावल्या की काम भागलं. या चिपांना म्हणतात ड्रायव्हर. गाडीचे नव्हेत, पडद्याचे.

आता कप्प्यांत काय भरलेलं असतं? तिथे असतो लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवस्फटिक. वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबुडके रेणू स्फटिकासारखे शिस्तीत उभे राहतात. १८८८ साली प्राग शहरातल्या फ्रिडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे विचित्र वागणं पहिल्यांदा दिसलं. त्याच्याकडचा एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशाला पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! (आपल्याकडे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चपट्या, चकतीच्या आकाराच्या रेणूंचाही द्रवस्फटिक होतो हे दाखवून दिलं. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

पडद्यात या द्रवाचा थर अवघा तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीचा असतो. त्याला व्होल्टेज दिलं की रेणू वळतात, आणि ते किती वळले त्यावर मागच्या दिव्याचा किती उजेड पुढे येणार हे ठरतं. थोडं व्होल्टेज, थोडं वळण. जास्त व्होल्टेज, जास्त वळण. पार काळ्याजवळ किंवा पार पांढऱ्याजवळ व्होल्टेज जरासं इकडेतिकडे झालं तर फरक पडत नाही. मधल्या राखाडीत मात्र रेणू भलतेच हळवे असतात. काही हजारांश व्होल्ट हलले तरी छटा बदलते. म्हणूनच ते राखाडी चित्र.

साध्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ छटा दाखवायच्या असतात. समजा आपल्या हातात ५ व्होल्ट आहेत. त्यांचे २५६ भाग केले तर एका छटेच्या वाट्याला साधारण २० मिलीव्होल्ट येतात. एक मिलीव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. मधल्या हळव्या छटांमधलं अंतर तर याहूनही कमी.

आणि आता येतात आपले नायक. की खलनायक? तुम्हीच ठरवा. रकान्याची तार पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली असते. ती लांब असते आणि विजेचा भार पिऊन घेते. पडद्यावर १,०८० आडव्या ओळी, चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचं. म्हणजे एका ओळीला वेळ मिळतो सेकंदाचा सुमारे ६५ हजारावा भाग, १५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात सगळ्या तारा हव्या त्या व्होल्टेजला नेऊन पोचवायच्या. ज्या सर्किटमध्ये छटेचं व्होल्टेज तयार होतं, त्याच्या अंगात एवढी ताकद नसते. म्हणून प्रत्येक तारेच्या तोंडाशी एक ॲम्प्लिफायर बसवतात. त्याने आवाज बिवाज वाढवायचा नसतो. ‘तुला ३ व्होल्ट सांगितलेत, तू तारेवर ३ व्होल्टच ठेव, पण जोर लावून ठेव,’ एवढंच त्याचं काम.

हे काम तो करतो कसं? तागडीने! त्याला दोन पारडी असतात. एका पारड्यात सांगितलेलं व्होल्टेज, दुसऱ्यात तारेवर प्रत्यक्ष आलेलं व्होल्टेज. दुसरं पारडं वर गेलं की तो आणखी ढकलतो, खाली गेलं की मागे ओढतो, आणि दांडी आडवी झाली की थांबतो. ही दोन पारडी म्हणजे दोन ट्रान्झिस्टर. ते अगदी जुळे भाऊ असायला हवेत.

पण नसतात ना! तागडीचं एक पारडं रिकामं असतानाच जरा जड असलं, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. भाजी ठेवायच्या पारड्याला २० ग्रॅमचा पासंग असेल, तर दांडी आडवी झाली तरी किलोच्या नावाखाली तुमच्या पिशवीत ९८० ग्रॅम बटाटे पडतात. वैधमापन विभागाचे लोक तागड्या तपासून शिक्के मारतात ते ही काटामारी रोखण्यासाठीच. ॲम्प्लिफायरच्या दोन ट्रान्झिस्टरांमध्येही असा पासंग राहतो. इंजिनिअर त्याला ऑफसेट म्हणतात. सांगितलेले असतात ३ व्होल्ट, तारेवर येतात ३.००८, आणि ॲम्प्लिफायर खुशाल समजतो की दांडी आडवी आहे, काम झालं.

शेजारच्या ॲम्प्लिफायरचा पासंग वेगळा असतो. त्याने २.९९५ ठेवले की शेजारशेजारचे रकाने एकमेकांपासून किंचित उजळ-काळपट दिसतात. एकेक ॲम्प्लिफायर आपला अख्खा रकाना बिघडवतो, वरपासून खालपर्यंत. सुटा ठिपका चुकला असता तर डोळ्याने सोडूनही दिला असता, पण सरळ रेघ ओळखण्यात आपले डोळे फार तरबेज. झाली उभी रेघ तयार.

‘‘मग दोन्ही ट्रान्झिस्टर एकसारखे का नाही बनवत?’’ भाचीचा प्रश्न. दादासुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायला लागले.

बनवतात, जीव तोडून बनवतात. पण ट्रान्झिस्टर बनवताना सिलिकॉनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू पेरावे लागतात. लहानशा ट्रान्झिस्टरमध्ये ते मोजकेच असतात, आणि नेमका कुठला अणू कुठे जाऊन बसेल हे कुणाच्याच हातात नसतं. या भावात चार जास्त, त्या भावात चार कमी. एवढ्यानेही पासंग होतो. ट्रान्झिस्टर मोठा केला तर अणूंची संख्या वाढते आणि फरक विरून जातो. पण किती मोठा? फिलिप्स कंपनीतल्या मार्सेल पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचा नियम मांडला. क्षेत्रफळ चौपट केलं की फरक निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा हवा असेल तर सोळापट! मिलिमीटरभर रुंदीच्या चिपवर शेकडो ॲम्प्लिफायर दाटीवाटीने बसलेले असताना एवढी जागा आणणार कुठून? हा मार्ग लवकरच संपतो.

दुसरा मार्ग म्हणजे आधी रिकामी तागडी बघायची. भाजीवाल्याकडच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो आधी रिकामं भांडं ठेवतो आणि बटण दाबून आकडा शून्य करतो, तसंच. ॲम्प्लिफायरला आधी काही मोजायला न देता त्याचा पासंग किती आहे ते पाहायचं, तेवढं व्होल्टेज एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये साठवायचं आणि मग खऱ्या कामातून वजा करायचं. युक्ती नामी आहे, पण कपॅसिटरमधला भार हळूहळू गळतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्यासाठी १५ मायक्रोसेकंदांतूनच वेळ चोरायचा, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरजवळ कपॅसिटरला जागाही द्यायची.

तिसरी युक्ती मला सगळ्यात भारी वाटते, कारण तिच्यात पासंग किती आहे हे कुणी मोजतच नाही. समजा तागडी खोटी आहे आणि ती किती खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तरी तिच्यावर बटाट्यांचं बरोबर वजन करता येईल का? येईल! बटाटे आधी डाव्या पारड्यात ठेवून तोला. मग उजव्या पारड्यात ठेवून तोला. डावं पारडं २० ग्रॅम जड असेल तर किलोभर बटाट्यांना पहिल्यांदा १,०२० ग्रॅमची वजनं लागतील आणि दुसऱ्यांदा ९८०. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. बरोबर १,०००! पासंग ५ असो की ५०, तो एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो. थोर जर्मन गणिती गाउस यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते.

ड्रायव्हर चिपमध्ये हेच करतात. ॲम्प्लिफायरच्या दोन पारड्यांपुढे इवले इवले स्विच बसवतात. एका चित्राच्या वेळी सांगितलेलं व्होल्टेज डाव्या ट्रान्झिस्टरला, पुढच्या खेपेला उजव्याला. (नुसत्या बाहेरच्या तारा बदलून भागत नाही. तेवढंच केलं तर ॲम्प्लिफायर ओढायचं तिथे ढकलायला लागेल. म्हणून आतही तशीच एक अदलाबदल त्याच क्षणी करावी लागते.) ३.००८ चे होतात २.९९२. डोळ्याला सेकंदाला ६० चित्रं वेगवेगळी दिसत नाहीत, त्यांची सरासरी दिसते. बेरीज करून निम्मी करण्याचं काम आपल्या डोळ्यानेच फुकटात करून दिलं!

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण द्रवस्फटिकाचे लाड फार. त्याला सतत एकाच दिशेचं व्होल्टेज सोसत नाही. द्रवात थोडेसे भारित कण असतातच. ते एका बाजूला जाऊन साचतात आणि जुन्या चित्राची सावली पडद्यावर रेंगाळत राहते. म्हणून प्रत्येक कप्प्याला एका चित्रात अधिक ३ व्होल्ट दिले तर पुढच्यात उणे ३ द्यायचे. उजेड दोन्हींत सारखाच. बऱ्याच चिपांमध्ये अधिकचा ॲम्प्लिफायर वेगळा आणि उणेचा वेगळा असतो, आणि शेजारचे दोन रकाने ही जोडी आलटून पालटून वापरतात. आता पासंग दोन झाले!

दुकानातल्या जुन्या बिलाच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. अधिकवाल्याचा पासंग ८ मिलीव्होल्ट धरला, उणेवाल्याचा २. काहीच केलं नाही तर कप्प्याला मिळणार अधिक ३.००८, मग उणे २.९९८, पुन्हा अधिक ३.००८... उजेडाच्या दृष्टीने सरासरी ३.००३. म्हणजे जोडीतले दोन्ही रकाने जरासे चुकलेले, आणि पलीकडची जोडी भलत्याच बाजूला चुकलेली. आता अदलाबदल चालू करा आणि चार चित्रं घ्या. अधिक ३.००८, उणे २.९९८, अधिक २.९९२, उणे ३.००२. चिन्ह विसरून बेरीज करा, १२ येते. चाराने भागा, बरोब्बर ३. आता चिन्हासकट बेरीज करा, शून्य येतं. उजेडही बरोबर आणि द्रवस्फटिकाचे लाडही पुरवले. भाचीने ८ आणि २ च्या जागी स्वतःचे आकडे घालून पाहिले. मग मुद्दाम वाकडे घातले, ३७ आणि उणे ११. उत्तर तेच!

‘‘पण मामा, असं वरखाली करत राहिलं तर पडदा लुकलुकणार नाही का?’’

नेमकं बोट ठेवलं पोरीने. चार चित्रांचं हे चक्र सेकंदाला १५ वेळाच फिरतं, आणि तेवढी लुकलुक डोळ्याला जाणवू शकते. म्हणून इंजिनिअर सगळ्या पडद्याचे स्विच एकदम पलटत नाहीत. या ओळीत पासंग मिळवला जात असेल तर शेजारच्या ओळीत वजा होईल अशी मांडणी करतात. कुठल्याही क्षणी एक कप्पा कणभर उजळ आणि त्याच्या खालचा कणभर काळपट असतो. इतक्या बारीक जाळीत डोळ्याला कुठे रेघ सापडायला! चूक पडद्यावर असतेच, फक्त ती वेळात आणि जागेत बारीक वाटून टाकलेली असते.

अदलाबदलीची ही युक्ती टीव्हीवाल्यांनी शोधलेली नाही बरं का. १९४९ च्या सुमारास, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यात, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या एडविन गोल्डबर्ग या इंजिनिअरने असा सारखा उलटसुलट करणारा स्विच जोडून ॲम्प्लिफायरचा पासंग काबूत आणला होता. त्या काळचे स्विच खरोखर हलायचे, धातूच्या पट्ट्या थरथरायच्या. त्याच आरसीएने १९६८ मध्ये जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने बनवलेले द्रवस्फटिकाचे पडदे जगाला दाखवले. पडदा आणि पडद्यावरचा उपाय, दोन्ही एकाच घरातले, मध्ये वीस वर्षांचं अंतर.

ही तागडी तुम्ही घरी करू शकता. कपडे टांगायचा हँगर घ्या, दोन्ही टोकांना दोऱ्याने सारखे कागदी पेले बांधा आणि हँगर दाराच्या मुठीला लटकवा. एका पेल्याच्या बुडाला चिकणमातीचा गोळा चिकटवा. किती ते मोजू नका! झाला पासंग. आता एक खोडरबर घ्या आणि तो तोलायला किती शेंगदाणे लागतात ते तो आळीपाळीने दोन्ही पेल्यांत ठेवून पाहा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी करा. (गोळा खोडरबरापेक्षा हलका हवा. का, ते करताना कळेल.) मग गोळा काढून टाका, हँगर नीट आडवा होतोय ना बघा, आणि उत्तर पडताळा. शेंगदाणे सगळे सारख्या वजनाचे नसतात, त्यामुळे एखादा इकडेतिकडे होईल, तेवढं चालतं. तोलून झाल्यावर खायला हरकत नाही.

तुम्ही विचाराल, एवढ्या कणभर फरकाने काय बिघडतं? कार्टून बघायला काहीच बिघडत नाही. पण बेलपाड्याहून मेट्रोने पुढे गेलं की खारघरलाच टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे, कर्करोगावर संशोधन आणि उपचार करणारी. डॉक्टर जेव्हा सीटी स्कॅन पडद्यावर बघतात, तेव्हा त्यांच्यासमोर असतं राखाडीच राखाडी. एका राखाडीतून किंचित वेगळी दुसरी राखाडी त्यांना ओळखायची असते. वैद्यकीय कामाच्या खास पडद्यांवर २५६ ऐवजी १,०२४ छटासुद्धा दाखवतात. ५ व्होल्टचे १,०२४ भाग केले तर एका छटेला ५ मिलीव्होल्टही येत नाहीत. आपला ८ मिलीव्होल्टचा पासंग तिथे दीड छटेची थाप मारून गेला असता.

निघताना दादांनी एक महागडा मोबाइल दाखवला. त्यात ओएलईडी पडदा होता. ‘‘यात कुठे द्रवस्फटिक?’’ ते म्हणाले. खरं आहे, यात ठिपके स्वतःच उजेड देतात. पण प्रत्येक ठिपक्यामागे स्वतःचे ट्रान्झिस्टर असतात, तेही पुरते जुळे नसतात. म्हणजे पासंग रकान्याला एक नाही, ठिपक्याठिपक्याला वेगळा! तिथे नुसत्या पारड्यांच्या अदलाबदलीने भागत नाही. म्हणून अशा अनेक पडद्यांचा कारखान्यातच कॅमेऱ्याने फोटो काढतात, कुठला ठिपका किती चुकतोय याचा तक्ता बनवतात आणि तो तक्ता त्या पडद्याच्या चिपमध्ये कायमचा भरून ठेवतात. फोटो काढायच्या वेळी पडद्यावर कुठला रंग लावत असतील, हे भाचीने न विचारताच सांगून टाकलं.